आपल्या घरचा वरवंटा

आई,

गेल्या रविवारी तुझा वरवंटा पुन्हा एका बारशाला जाऊन आला. तू गेल्याला अकरा वर्षं झाली, पण इथल्या मराठी मंडळींना तू आठवतेस ती या दगडामुळेच. घरोघरी मिक्सर आहेत, पाटा-वरवंटा कुणाकडे नाही, आणि बारशाला पाळण्याच्या वरून-खालून द्यायला वरवंट्याचा गोप्या तर हवाच. मग फोन येतो, "काकूंचा वरवंटा मिळेल का हो?" लग्न होऊन तू दिल्लीला आलीस तेव्हा तुझी ट्रंक उचलणारा हमाल वैतागून म्हणाला होता, "बीबीजी, इसमें पत्थर भरे हैं क्या?" आणि तू म्हणालीस, "हाँ भैया, पत्थर ही है." हा किस्सा तू इतक्यांदा सांगितलास की आता तो मी सांगतो. त्या दगडाला न्हाऊ घालून, झबलं घालून, काजळाचा टिळा लावून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत सरोजिनी नगरपासून गाझियाबादपर्यंत किती पोरांची नावं ठेवली गेली असतील कोण जाणे. आपल्या घरात मात्र त्यानं फक्त लसणाची चटणी वाटली.

कारण दोष माझ्यात होता. हे वाक्य तुला सांगायला मला एकवीस वर्षं लागली, आणि तेही तुझ्या सुनेनं सांगितलं म्हणून लिहितोय. मला मूल होणार नव्हतं. तिला झालं असतं. तू गेलीस ती उलट समजून गेलीस, आणि तुला तसं समजू दिलं ते मी. हे लिहिताना रडू वगैरे येत नाहीये, शिसारी येतेय, जशी सिंकच्या जाळीत अडकलेलं उष्टं बोटांनी काढताना येते. मी नाकानं कांदे सोलणारा माणूस, दुसऱ्याच्या ताटातलं खात नाही, ऑफिसात माझा कप वेगळा. आणि माझी घाण मात्र मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या ताटात वाढत राहिलो.

लाजपत नगरच्या ज्या क्लिनिकमध्ये आम्ही दोघांनी तपासणी करून घेतली तिथे एक खोली होती, तुला सांगण्यासारखी नाही, पण सगळंच लिहायचं ठरलंय. एक रेक्झिनचा सोफा, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेला. फिनाईलचा वास, आणि फिनाईलखाली दुसरा वास. कडी नीट लागत नव्हती म्हणून एका पायानं दार रेटून धरायचं आणि हातात नाव लिहिलेली डबी. बाहेरून अटेंडंट दार ठोठावत होता, "भाईसाहब, हो गया क्या? पीछे लाइन है." रेशनच्या दुकानासमोर असावी तशी. बाहेर आलो तर बाकावर माझ्यासारखेच सहा-सात जण, प्रत्येकाची नजर आपल्या बुटांवर. कुणी कुणाशी बोललं नाही. बायकांच्या बाजूला मात्र बायका बोलत होत्या, एकमेकींना कोणती डॉक्टर, कोणतं इंजेक्शन, किती दुखतं ते सांगत होत्या, एक तर चक्क हसत होती. तेव्हा मला त्यांचा राग आला. काय निर्लज्ज आहेत, असं वाटलं. आज कळतं की त्या बाकावर लाज फक्त आम्हीच धरून बसलो होतो.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणाली, "मिसेज बिल्कुल ठीक हैं. प्रॉब्लम आपकी तरफ़ है. काउंट ज़ीरो है." मग तिनं दुसऱ्याचं बीज वापरून काय करता येतं ते सांगायला सुरुवात केली, तसा मी उठलोच. तिथून मी कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात गेलो, जिथे बाबा आपल्याला महिन्यातून एकदा पिठलं-भाकरी खायला न्यायचे. थाळी मागवली आणि सगळी खाल्ली, वर ताक प्यायलो. इतकी वाईट बातमी कळल्यावर माणसाचा घास अडकतो म्हणतात, माझा कुठेही अडकला नाही. घरी येऊन तुझ्या सुनेला सांगितलं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली आणि म्हणाली, "अच्छा, ठीक आहे. आपण दोघं आहोत ना. आईंना सांगूया, त्या समजून घेतील." मी म्हटलं, "आत्ता नको. तिचं बीपी बघतेस ना. थोडे दिवस जाऊ दे." तिनं मान डोलावली. तिला बिचारीला काय माहीत, थोडे दिवस म्हणजे दहा वर्षं, तू जाईपर्यंत.

तू काही न विचारता बसणारी नव्हतीसच. तुला कुणीतरी पानिपतचा वैद्य सांगितला. आपल्या लोकांचं पानिपत झालं तिथेच तुला गुण येणार होता, आणि असं मी म्हटल्यावर तूही हसलीस, पण गाडी करायला लावलीसच. त्या वैद्यानं तिची नाडी धरली, डोळे मिटले आणि गर्भाशयात थंडी आहे असं सांगितलं. मी शेजारी बसलो होतो, आई. माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये रिपोर्ट होता आणि मी त्या माणसाला विचारत होतो की परहेज़ काय काय करायचं. त्यानं कसलीशी मुळी दिली, रोज सकाळी ताजी वाटून दुधातून द्यायची. मिक्सर चालणार नाही, दगडावरच वाटायची. तुझी बोटं तेव्हा सांध्यांपाशी सुजलेली. पहाटे उठून, ओट्यावर पाटा ठेवून, उभ्या उभ्या तू ते वाटायचीस, प्रत्येक फेऱ्याला हळूच "आई गं" म्हणत. आणि ती नाक दाबून ते हिरवट दूध प्यायची, वीस मिनिटांनी बाथरूममध्ये जाऊन ओकायची, तोंड धुऊन शाळेत गणित शिकवायला जायची. मी या दोन बायकांच्या मधे चहा पीत पेपर वाचायचो. एकीचे हात झिजतायत, एकीची आतडी जळतायत, आणि ज्याला खरा आजार आहे तो म्हणतोय, चहात साखर कमी आहे.

एकदा ती ओकून आल्यावर मला दारातच थांबवून म्हणाली, "हे औषध तू पी ना. निदान एक दिवस. आजार तुझा आहे." चेष्टेनं म्हणाली की मनापासून, मला कळलं नाही. मी म्हटलं, "हळू बोल, आई ऐकेल." त्या दिवसानंतर तिनं कधी तसं म्हटलं नाही.

लोक विचारतात, बायका हे दुःख कसं सोसतात. सोसतात कसल्या, त्यांना ते सगळ्यांसमोर सोसायला लावतात. पुरुष काय करतो ते मी सांगतो. पुरुष कामं काढतो. मी गणपतीच्या मंडपाचं बघायला लागलो, ऑफिसात नको असलेल्या फाइली ओढून घ्यायला लागलो, दुसऱ्यांच्या पोरांच्या वाढदिवसाला फुगे फुगवायला सगळ्यात पुढे मी. वर विनोद करायचो. "आमचं काय, डिंक, डबल इन्कम नो किड्स, दो कमाई नो खर्चा" असं म्हणून मित्रांना टाळ्या द्यायचो, ती तिथेच सरबत घेऊन उभी असली तरी. आणि प्रत्येक बारशाला तू तिला पाळण्याच्या त्या बाजूला उभी करायचीस, घेणाऱ्या बाजूला. "कुणी गोपाळ घ्या," आणि झबलं घातलेला दगड तिच्या हातात. नंतर बायका तो तिच्या ओटीत ठेवायच्या, मिनिटभर राहू दे म्हणायच्या, पदर लागू दे म्हणायच्या. ती मला म्हणाली होती, झबल्यातून लसणाचा वास येतो, दगड कितीही धुतला तरी. एवढंच म्हणाली.

आणि या सगळ्यात माझी कीर्ती वाढत होती. तू चारचौघींत म्हणायचीस, "माझा मुलगा देवमाणूस. दुसरं लग्न कर म्हणणारे थोडे का भेटले, पण यानं बायकोला शब्दानं दुखवलं नाही." मी दारामागून ऐकायचो. दुखवणार काय कप्पाळ, माझं तोंड उघडलं असतं तर माझंच उघडं पडलं असतं. पण खरं सांगू, ऐकायला बरं वाटायचं. देवमाणूस म्हटलं की मान आपोआप किंचित खाली जाते, विनयानं. ती मान आठवली की आजही माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मग एक दिवस ती दत्तकाचा अर्ज घेऊन आली. तिनं आपल्या टपोऱ्या अक्षरात सगळा भरला होता, माझी सही तेवढी बाकी. तो तिनं लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवला आणि मला म्हणाली, "आईंशी तू बोल. माझं त्या ऐकायच्या नाहीत, तुझं ऐकतील." आठवड्यानं मी तिला सांगितलं की आई नको म्हणते, परक्याचं रक्त नको म्हणते. तिनं अर्ज काढला नाही, तिथेच राहू दिला. फक्त तुझ्याशी बोलणं कमी केलं. तुझं पथ्य, तुझ्या गोळ्या, तुझे केस विंचरणं, यात कुठे कसूर केली नाही, पण तुझ्याजवळ बसायची ती बसेनाशी झाली. तुला ते जाणवलं असणारच.

आता गेल्या रविवारचं. बारसं नोएडाच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होतं. सरोजिनी नगरला आपल्या खालच्या मजल्यावर राहायच्या त्या काकू, तुझी मैत्रीण, त्यांना पणती झाली. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण आवाज खणखणीत. फुगे होते, केकही होता, पण काकू असेपर्यंत गोप्याही होणारच. तुझ्या सुनेनं वरवंटा नेला, तिथल्या बेसिनमध्ये तिनंच धुतला, झबल्याचे बंद तिनंच बांधले, काजळ लावलं. सवयीनं ती पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "तू दमली असशील, बस गं. या दोघी लेकुरवाळ्या उभ्या राहू देत." आणि तिच्या हातातून तो दगड काढून घेतला. ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आता, आई. आशा होती तोवर हिच्या ओटीत दगड घालत होते, आशा संपल्यावर दगडालाही हिचा हात नको. दगड आपल्या घरचा, बरं का.

मी घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन मागे उभा होतो. माझ्या तोंडात घुगऱ्याच होत्या. तसाच पुढे गेलो आणि म्हटलं, "काकू, दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे. पहिल्यापासून. रिपोर्ट माझा खराब होता." पाळणा हलवणारे हात थांबले. पाळण्यातली पोरगीसुद्धा त्या क्षणी रडायची थांबली होती. तुझ्या सुनेकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मग काकूंनी हात वर करून माझा गाल कुरवाळला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "बघा गं! अजून कसा बायकोला पाठीशी घालतो! आईचा मुलगा शोभतोस हो." कुणाची तरी सून म्हणाली, "यार, हसबंड असावा तर असा." एक काका म्हणाले, "बिल्कुल! आजकालची मुलं करतील का असं?" आणि सगळे हसले, हलके झाले, पाळणा पुन्हा हलायला लागला. मी एकवीस वर्षांनी खरं बोललो आणि त्याचाही त्यांनी हार करून माझ्याच गळ्यात घातला.

दुसरं वाक्य माझ्याकडे तयार होतं. "काकू, मी तिला पाठीशी घालत नाहीये, मी आईला फसवलंय." एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी हसलो. तीच जुनी मान किंचित खाली गेली आणि मी हसलो. लोक मूग गिळून बसतात, मी घुगऱ्या गिळल्या. तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वरणात केस निघाल्यावर आपण जसं बघतो, तसं ती बघत होती.

परतताना वरवंटा तिच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. हिंडन नदीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. ती म्हणाली, "तुला वाटत असेल, आज सुटलास."

"मी खरं बोललो ना."

"एकदा बोललास. त्यांनी मानलं नाही, तर तुला बरं वाटलं. मी बघितलं."

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मग ती म्हणाली, "आणि त्या लोकांना सांगून मला काय मिळणार? ज्यांना सांगायचं होतं त्या निघून गेल्या. घरी जाऊन आईंना लिही. जे जे केलंस ते सगळं लिही, काही ठेवू नकोस." थोडं पुढे गेल्यावर, खिडकीबाहेर बघत, "एक सांगू? त्या पानिपतच्या दुधाचं, त्या बारशांचं मला आईंबद्दल काही वाटत नाही. त्यांना माहीतच नव्हतं. पण दत्तकाला त्यांनी एक हो म्हटलं असतं ना, तर आज घरात कुणी असतं. ते मात्र मला माफ करता आलं नाही त्यांना. शेवटच्या दिवसात केस विंचरताना पण नाही." मी गिअर बदलला. बदलायची काही गरज नव्हती, गाडी उभीच होती.

इथवरचे कागद मी आज दुपारी तिला वाचायला दिले. चष्मा लावून, डायनिंग टेबलाशी बसून, वह्या तपासते तसे तिनं सगळे वाचले. मधे एकदा डोळे पुसले, डबीच्या खोलीपाशी की ओकारीपाशी ते कळलं नाही. शेवटी म्हणाली, "शेवटी तरी लिहिलंस. सगळं लिहिलंस?" मी म्हटलं, "हो, सगळं." तिनं कागद घडी करून देवाशेजारी तुझ्या फोटोखाली ठेवले, आणि आता ती स्वयंपाकघरात चटणी वाटतेय. आवाज येतोय मला. आणि मी हा आणखी एक कागद घेतलाय.

तू हो म्हणाली होतीस, आई. मी विचारायच्या आधीच म्हणाली होतीस. सकाळ होती, ती शाळेत गेलेली. तुझी मुळी वाटून झाली होती, तू बोटं कोमट पाण्यात धरून उभी होतीस. म्हणालीस, "पुरे झालं रे हे. त्या पोरीच्या पोटाची चाळण होईल. तिनं अर्ज आणलाय ना? साड्यांखाली पाहिला मी. आणा एखादं लेकरू. जात-पात काही विचारायची नाही मला. हात चालतायत तोवर सांभाळीन." आणि मी म्हटलं, "तिलाच नकोय आता. तिनं विचार सोडलाय." कारण परकं मूल घरात आलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता, दोष कुणाचा. कुणी ना कुणी विचारलंच असतं, रोज, आयुष्यभर. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "तिला नको असेल तर मी कोण," आणि हात पुसून आत गेलीस. दुसऱ्या दिवसापासून तू मुळी वाटणं बंद केलंस. तिला वाटलं, तू तिच्यावरची आशा सोडलीस. तुला वाटलं, पोर मनानं कोरडी आहे. दोघी एका घरात पुढची सहा वर्षं एकमेकींच्या गोळ्या आणि डबे सांभाळत राहिलात, आणि जेवताना मीच मधे बसायचो.

ती आत्ता आतून विचारते, "अजून काय लिहितोयस?" मी म्हटलं, "काही नाही, तारीख राहिली होती." हा कागद मी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतोय. धुवायला टाकण्याआधी ती माझे खिसे तपासते, एकदाही चुकलेली नाही. हा शर्ट मी उद्याही घालणार आहे.